केनियाचे सावंतकाका

मस्कतला, अल् खुवैरमधल्या आमच्या बिल्डिंगीत पार्किंगवरून भांडण पेटलं, की सावंतकाका केनियाची राज्यघटना काढतात. खोटं वाटेल, पण देवाशपथ! माणूस कणकवलीचा, नोकरी एसी दुरुस्तीच्या कंपनीत, आणि तोंडपाठ काय, तर केनियाची घटना!

मध्ये आठवडाभर लिफ्ट बंद होती. काका जिन्यात उभे राहून गरजले, "कलम एक! सगळी सत्ता लोकांची! सह्या करा रे मेल्यांनो!" दुसऱ्या दिवशी लिफ्ट चालू. वॉचमनवर कोणी खेकसलं, की "कलम अठ्ठावीस! प्रत्येक माणसाक मान आसा. कलम वाच, खलास!" काका आमच्याकडे जेवायला असताना माझ्या बायकोनं, सुलभानं, न विचारता दुधीची भाजी केली तर तिला कलम दहा. लोकसहभाग नाही म्हणे! "मग कांदा चिरा," ती म्हणाली. सहभाग तिथेच आटोपला.

हे वेड कुठून आलं ते आम्हाला ठाऊक आहे. काकांची एकुलती एक लेक मंजिरी नैरोबीला नोकरीला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न करून मोकळी झाली. काकांनी तिच्याशी बोलणं टाकलं, त्याला दोन वर्षं झाली. ती फोन सुलभाला करते. काका घटना वाचत बसतात. का म्हणून विचारलं तर म्हणतात, "टायमपास रे." आम्ही काय दूधखुळे आहोत?

गेल्या शुक्रवारी काका आमच्याकडे जेवायला होते आणि मंजिरीचा फोन आला. सुलभानं मुद्दाम स्पीकर लावला.

"काकू, मुलगी झाली! आज सकाळीच!"

सुलभा किंचाळलीच! मी ताट सोडून उठलो. आणि सुलभाला नको तिथे काळजी, "अगं, पण आता तिचं नागरिकत्व..."

"कलम चौदा!" काका ओरडले. "आवस नायतर बापूस केनियाचो आसलो की पोर थंयचा! भिया नको!"

दोन वर्षांनी लेकीशी बोलले ते हे.

"बाबा?" मंजिरी म्हणाली. "तुम्हाला कसं माहीत?"

"सगळी पाठ आसा माका. तुका थंय कोण काय बोललो, तर माका कलम सांगता येवक नको?"

ती रडायलाच लागली. मग म्हणाली, "बाबा, नाव तुम्हीच ठेवा."

काकांच्या हातातला घास हातातच राहिला. डोळे वाहत होते, पुसायचंही भान नव्हतं.

"आधी जावयाक फोनार घे," ते म्हणाले. "बापाशीक इचारल्याशिवाय नाव कसा ठेवतलंय?"