अंगठीचं माहेर

आखाजीला वीस दिवस उरले असताना कोकिळाबाई भदाणे यांच्या बोटातल्या अंगठीने सांगितलं, की ती सणाला माहेरी जाणार. चोपड्यात दागिने आखाजीला माहेरी जातातच, म्हणजे ज्या सोनाराने घडवले त्याच्या घरी. त्यात नवल ते काय! पण ही अंगठी सासूबाईंची. त्या माघात गेल्या, तेव्हा ती कोकिळाबाईंकडे आली.

"अगं पण तुझं माहेर कुठलं?"

"मला काय ठाऊक? सासरी आले तेव्हा मी पाच दिवसांची होते," अंगठी म्हणाली. "एक्कावन्न वर्षांत सासूबाईंनी एकदा धाडलं नाही."

सासूबाईंना तरी कुणी धाडलं होतं! आणि कोकिळाबाईंना स्वतःला पारोळ्याला भावाकडे जाऊन नऊ वर्षं झाली होती. दर आखाजीला त्यांचे यजमान हिंमतराव म्हणत, "पुढच्या वर्षी बघू."

अंगठी मात्र तसली सोशिक नव्हती. ती झुरायला लागली. पाच ग्रॅमची चारावर आली. भांडी घासताना दोनदा निसटून मोरीत पडली.

"अंगठीच ती. रुसेल दोन दिवस, मग बसेल गप," हिंमतराव म्हणाले.

"गप नाही बसायची, संपेल ती! पावसाळ्यापर्यंत नखाएवढी उरायची नाही. आईंची तेवढीच एक वस्तू आहे माझ्याकडे," कोकिळाबाई म्हणाल्या आणि त्यांना रडूच आलं.

मग भिंग आणलं. अंगठीच्या आतल्या अंगाला माशाचा शिक्का स्वच्छ दिसला. मासा म्हणजे गावातलेच दुसाने सोनार. कोकिळाबाईंनी नवं लुगडं नेसून अंगठी त्यांच्याकडे नेली. दुसानेंच्या घरच्यांनी ओवाळलं, पाट मांडला. अंगठी बोटातून हलेना. एरवी मोरीत उडी मारणारी ती, आता साबण लावला तरी ढिम्म!

ठेवणार नाही, नुसतं बघणार, असं म्हटल्यावर घटकाभर उतरली. दुसानेशेठनी आतून भिंग लावलं आणि ते ओशाळले. "वहिनी, मासा आमचाच, पण लेक आमची नाही. तुमच्या सासूबाईंचं बोट जाड झालं तेव्हा आम्ही हिला नुसती वाढवली. आम्ही हिचे डॉक्टर, माहेर नव्हे. घडवणाऱ्याचा शिक्का आधी पडतो, म्हणून आधी झिजतो. हे बघा, माशाच्या शेपटीखाली."

तिथे, असून नसल्यासारखं, कडुलिंबाचं एक पान होतं.

"एरंडोलचे विसपुते," दुसानेशेठ म्हणाले. "लवकर जा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने कोकिळाबाई एरंडोलला पोचल्या. नव्वदीच्या विसपुते आप्पांनी भिंग मागितलंच नाही. त्यांनी बोटातल्या सैल अंगठीच्या आतून अंगठ्याचं नख फिरवलं. "आलीस गं बाय!"

अंगठी आपणहून त्यांच्या तळहातावर उतरली. सुनेने उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला.

"आखाजी करून आठ दिवसांनी पाठवू," आप्पा म्हणाले. "पण न्यायला सासरच्या माणसाने यायचं. लेक एकटी धाडायची आमच्यात रीत नाही."

ठरल्या दिवशी कोकिळाबाई हिंमतरावांना घेऊन गेल्या. अंगठी अंगणातल्या कडुलिंबाला बांधलेल्या दोऱ्याच्या झोक्यावर बसली होती आणि उतरायला तयार नव्हती. दोन झोके आणखी झाल्यावर उतरली. आप्पांनी रीतीप्रमाणे काट्यावर ठेवली. साडेपाच ग्रॅम.

"आमरस आणि सांजोऱ्या," आप्पा म्हणाले.

कोकिळाबाईंनी ती बोटात घातली. घट्ट बसली, आणि लकाकत होती कशी! हिंमतराव काट्याकडे बघतच राहिले.

"माहेरी गेलं की एवढा फरक पडतो होय?"

"तर हो! लेकीच्या अंगावर मूठभर मांस चढतंच," आप्पा म्हणाले.

स्टँडवर चोपड्याची गाडी लागली. हिंमतराव चढले, जागा धरली आणि खिडकीतून हाक मारली. कोकिळाबाई खालीच उभ्या होत्या. पलीकडे पारोळ्याची गाडी सुटायच्या बेतात होती.

"आठ दिवसांनी न्यायला या," त्या म्हणाल्या. "एकटी यायची आमच्यात रीत नाही."