बावीस अक्षरांचं कुलूप

मी हात वर केला तो लॅमिंग्टनसाठी. हे मी ऑफिसात, घरी आणि नंतर भरलेल्या त्या सभेतसुद्धा शपथेवर सांगितलं, पण कुणी ऐकूनच घेत नाही. आमच्या पाणीपुरवठा ऑफिसची सोमवारची मीटिंग चालली होती. चॉकलेटमध्ये बुडवून खोबऱ्यात घोळलेल्या त्या केकच्या तुकड्यांची बशी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली होती आणि तिच्यात एकच तुकडा उरला होता. बशी इकडे सरकवा म्हणून मी हात वर केला. नेमक्या त्याच क्षणी आमच्या साहेबीण केरिन विचारत होत्या, "नेटवर्क सुरक्षेच्या सहा आठवड्यांच्या कोर्सला कोण जाणार?"

"शाब्बास मर्व्ह!" त्या म्हणाल्या. "चोपन्नाव्या वर्षी ही उमेद!"

(लॅमिंग्टन मीटर-रीडरनं खाल्ला.)

तर मी दर बुधवारी लॉन्सेस्टनला जाऊन एथिकल हॅकिंग शिकू लागलो. वर्गात माझ्याखेरीज सहाजण होते. त्या सगळ्यांचं वय एकत्र केलं तरी माझ्या पाठदुखीएवढं भरलं नसतं. शिकवणारी तालिया म्हणजे सव्विशीतली मुलगी. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "आपण म्हणजे मालकाची लेखी परवानगी घेऊन त्याच्या घरात शिरणारे चोर. का, तर खऱ्या चोराच्या आधी त्याला घरातली भोकं दाखवून द्यायला. नियम दोनच. परवानगीचा कागद नसेल तर कीबोर्डला बोट लावायचं नाही. आणि आत शिरल्यावर जे जे दिसेल ते ते अहवालात लिहायचं. एक गोष्ट जरी लपवली, मर्व्ह, तरी तुम्ही नुसतेच चोर."

वर्गात सातजण असताना तिनं माझंच नाव का घेतलं, हे मला अजून कळलेलं नाही.

शेवटची परीक्षा अशी होती, की एखादी छोटी संस्था निवडायची, परवानगी घ्यायची, शिरून दाखवायचं आणि अहवाल द्यायचा. मी आमच्या ब्रॅकन फ्लॅट गावची, दरवर्षी शेतीमालाचं प्रदर्शन भरवणारी शो सोसायटी निवडली. कारण तांत्रिक होतं. तिचं ऑफिस माझ्या घरापासून चालत चार मिनिटांवर आहे.

आमच्या शोमध्ये भोपळे असतात, कोंबडे असतात, लाकूड फोडायच्या शर्यती असतात, पण खरं युद्ध पेटतं ते फ्रूटकेकच्या मांडवात. माझी बायको ग्लेनिस तिथं आठ वर्षं सलग दुसरी आलेली आहे. आठही वर्षं पहिल्या आल्या त्या डोरीन प्लंकेटबाई. कृती सोसायटीनं छापून दिलेली असते, डब्याचं माप ठरलेलं असतं, वर बदामाची एक फाकसुद्धा लावायची नसते. म्हणजे फरक काय तो हाताचा. ग्लेनिसचे मनुके आणि बेदाणे सहा आठवडे ब्रँडीत मुरत पडलेले असतात आणि त्या काळात त्यांना माझ्यापेक्षा जास्त प्रेम मिळतं. केक ओव्हनमध्ये असला की मी श्वाससुद्धा अंगणात जाऊन घेतो, कारण घरात काही आपटलं तर केक बसतो.

यंदाचं मिश्रण पाहून ती म्हणाली होती, "मर्व्ह, या खेपेला पहिल्या नंबरची निळी फीत माझी." तिनं असं आठ वर्षांत कधी म्हटलं नव्हतं.

सोसायटीचे सेक्रेटरी नेव्हिल स्टब्स यांनी परवानगी तिथल्या तिथे एका पावतीच्या पाठीवर लिहून दिली. "मर्व्ह पॅस्को यास हवे ते करून पाहू द्यावे. जमणार नाही."

तालियानं शिकवलं होतं, की सगळ्यात कच्ची जागा यंत्रात नसते, माणसांत असते. म्हणून मी वेषांतर केलं. नारिंगी जाकीट, टोपी, हातात अवजारांची पेटी आणि नातवाच्या नाटकातली एक मिशी. प्रिंटर दुरुस्त करणारा म्हणून ऑफिसात शिरायचं आणि कुणी हटकतं का ते पाहायचं.

"नमस्कार बाई, प्रिंटरची तक्रार होती ना?" मी घोगऱ्या आवाजात म्हणालो.

सोसायटीचं ऑफिस सांभाळणाऱ्या मोयानं टेबलामागून मान वर केली. "मिशी छान दिसते रे तुला, मर्व्ह. पेटी आणलीच आहेस तर त्या नळाचं बघ जरा. टपटप ऐकून डोकं उठलंय माझं."

नळ झाला. मग सहा लाकडी टेबलांचे पाय झाले. मग कोंबड्यांचे अठ्ठावीस पिंजरे एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये नेले. (त्यातला एक रिकामा नव्हता.) तीन तासांत मला कुणी हटकलं नाही, चहाही कुणी विचारला नाही.

शेवटी मोया म्हणाली, "आतून सुतळीचं बंडल आण. नेव्हिलच्या खोलीत असेल."

खोलीत मी एकटा आणि समोर सोसायटीचा कॉम्प्युटर! सहा आठवड्यांची विद्या बोटांत जमा झाली. यूएसबीवर चौदा प्रकारचे प्रोग्रॅम घेऊन मी खुर्चीत बसलो. पडद्यावर पासवर्डचा चौकोन आला.

इतक्यात भिंतीपलीकडून मोया ओरडली, "नेव्हिलनं सुतळी किती घेतली ते यादीत बघ! मशीन झोपलं असेल तर बैलाचं नाव टाक!"

नेव्हिलचा बैल सार्जंट सलग सहा वर्षं चँपियन. त्याचा गळ्यात फीत घातलेला फोटो बँकेत आहे, दवाखान्यात आहे, चर्चच्या पडवीत आहे. मी 'सार्जंट' टाइप केलं आणि कॉम्प्युटर उघडला. मी विजयानं मूठ वळली, आणि ती वळलेली असतानाच पडदा वाचला.

नेव्हिलनं नोंदवही उघडीच ठेवली होती. वर लाल अक्षरांत नियम चौदा: 'कोणत्या केकवर कोणता नंबर, हे फक्त सेक्रेटरीला ठाऊक असेल. स्पर्धकाच्या घरातल्या कुणी ही यादी पाहिल्यास तो केक बाद.' त्याखाली ओळ होती, 'ग्लेनिस पॅस्को, अकरा.'

मी डोळे मिटले, पण उशीर झाला होता.

त्यानंतर सुतळी, पेटी, मिशी सगळं तिथंच टाकून मी पळत सुटलो. चार मिनिटांचं अंतर दीड मिनिटात कापलं, घरात घुसलो आणि पाठीमागं दार आपटलं. असं आपटलं की भिंतीवरचं घड्याळ थांबलं.

ग्लेनिस स्वयंपाकघरात फोनवर होती. तिनं आधी ओव्हनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग ती असं काही बोलली, जे तिच्या तोंडून मी तीस वर्षांत एकदाच ऐकलं होतं, मी गाडी दरवाज्याऐवजी कुंपणातून बाहेर काढली तेव्हा.

केक डाव्या बाजूनं बसला होता. बोटभर खड्डा. दुसरा करायला मुरलेले मनुके शिल्लक नव्हते.

पुढचे दोन दिवस मी तिच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही. तिसऱ्या दिवशी तिनं चहाचा कप समोर ठेवला आणि खुर्ची ओढून बसली.

"खड्ड्याचं सोड. दुसरं काहीतरी आहे. मोयाकडे तीन तास होतास म्हणे, मिशी लावून."

"ग्लेनिस, मी असं काहीतरी पाहिलंय, जे मी पाहायला नको होतं."

"कुणाचं?"

"तुझं."

"माझं? मग त्यात एवढं काय? तीस वर्षं झाली लग्नाला."

"तसं नाही गं! तुझा नंबर पाहिला. केकचा. आता अहवालात लिहिलं तर तुझा केक बाद. नाही लिहिलं तर मी नुसताच चोर."

तिनं बंद पडलेल्या घड्याळाकडे पाहिलं. मला वाटलं, आता घड्याळाबरोबर मीही बंद पडणार. मग ती म्हणाली, "लिही."

"अगं, पण आठ वर्षं..."

"आठ वर्षं दुसरी आले ती सरळ मार्गानं आले. लपवाछपवी करून पहिलं यायचं असतं तर प्लंकेटबाईंच्या ओव्हनची वायर केव्हाच कापली असती. लिही म्हणते ना!"

डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मला इतकी लाज वाटली आणि त्याच वेळी तिचा इतका अभिमान वाटला, की काय करावं ते न सुचून मी कपबश्या धुतल्या. (त्या धुतलेल्याच होत्या.)

अहवाल गेला, सभा भरली. नेव्हिलनं नियम चौदा तीनदा वाचला आणि मान हलवली. "वाईट वाटतं, ग्लेनिस. पण केक बाद."

तेव्हा मागच्या रांगेतून प्लंकेटबाई उठल्या. "नेव्हिल, बैलाच्या नावाचं कुलूप लावलंस तू आणि शिक्षा तिला होय? रिकाम्या ताटलीला हरवून मला फीत नको. चौदाच तर केक आहेत. नंबर बदल सगळ्यांचे."

टाळ्या पडल्या. नंबर बदलायचे ठरले. मांडवाच्या पन्नास पावलांच्या आत मी पाय ठेवायचा नाही, असाही ठराव झाला. त्याला अनुमोदन ग्लेनिसनं दिलं.

"आणि नवं कुलूप?" नेव्हिलनं विचारलं.

इथं मला स्फुरण चढलं. मी अहवालातलं शेवटचं पान वाचून दाखवलं. बैल नको, बायकोचं नाव नको, वाढदिवस नको. बावीस अक्षरं, आकडे आणि चिन्हं, काहीच अर्थ नसलेली. कागदावर तर मुळीच लिहायची नाहीत. सभेनं तिथल्या तिथे मला कॉम्प्युटरपुढे बसवलं. मी पासवर्ड ठेवला, नेव्हिलच्या कानात सांगितला आणि बाहेर पडलो. नेव्हिलनं नवे नंबर भरले, शोच्या बाकीच्या चारशे नोंदीही त्यातच भरल्या आणि कागदी यादी माझ्या सूचनेप्रमाणे चुलीत घातली.

शोच्या दिवशी मी लाकूडतोड्यांच्या गर्दीत उभा होतो. साडेअकराला मोया धावत आली.

"मर्व्ह, चल लवकर! निकाल लागलेत, पण कोणता नंबर कुणाचा तेच कळत नाहीये. मशीन झोपलंय!"

"नेव्हिल, पासवर्ड टाक ना," ऑफिसात पोचताच मी धापा टाकत म्हणालो.

"मला काय ठाऊक? तू सांगितलास तेव्हा मला वाटलं, तुझ्या लक्षात असेल."

"मी सांगितला तो तुझ्या लक्षात राहावा म्हणून!"

"पहिलं अक्षर क्यू होतं," नेव्हिल म्हणाला.

"क्यू नव्हतं," मी म्हणालो. एवढं एकच मला नक्की आठवत होतं.

बाहेर हलकल्लोळ चालला होता. भोपळे मालकांनी ओळखले. कोंबड्यांनी मालकांना ओळखलं. पण पहिल्या आलेल्या स्कोन्सवर, म्हणजे चहाबरोबरच्या छोट्या पावांवर, चार बायका हक्क सांगत होत्या आणि चौघीही त्याच ताटलीला धरून उभ्या होत्या. फ्रूटकेकच्या मांडवात चौदा सारखे केक आणि चौदा गप्प बायका.

बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकबाईंनी चष्मा लावला. "पहिला क्रमांक, नंबर नऊ. असा ओलसर, असा मुरलेला केक मी वीस वर्षांत खाल्लेला नाही. दोष एकच. डाव्या बाजूला बोटभर खड्डा."

ग्लेनिसनं तोंडावर हात ठेवला. "तो माझा! माझ्या नवऱ्यानं दार आपटलं होतं!"

"असं कुणीही म्हणेल हो," नेव्हिल म्हणाला. "पुरावा काय?"

"पुरावा मी," प्लंकेटबाई म्हणाल्या. "दार आपटलं तेव्हा फोनवर तिच्याशी मीच बोलत होते. तो दणका मी या कानांनी ऐकलाय. आणि त्यानंतर ती जे बोलली तेही. सांगू का, ग्लेनिस?"

"नको," ग्लेनिस म्हणाली.

"सांगा, सांगा!" सगळा मांडव ओरडला.

प्लंकेटबाईंनी सांगितलं. परीक्षकबाईंनी निळी फीत ग्लेनिसच्या गळ्यातच घातली. ती हसत होती, रडत होती आणि प्लंकेटबाईंना मिठी मारत होती. मला आत यायला बंदी होती, म्हणून मी कनातीखालून डोकं घालून टाळ्या वाजवल्या.

तालियानं मला पास केलं. शेरा लिहिला, 'या विद्यार्थ्याने ठेवलेले कुलूप कुणालाही उघडता आलेले नाही.' सोसायटीचा कॉम्प्युटर सध्या माझ्या घरी आहे, सोबत नेव्हिलच्या सहीची नवी लेखी परवानगी. तीन आठवडे झाले, चौदाही प्रोग्रॅम चालवून झाले. मी आत शिरू शकलेलो नाही.

ग्लेनिसनं निळी फीत दिवाणखान्यात फ्रेम करून लावली आहे. शेजारी केकचा फोटो, डाव्या बाजूच्या खड्ड्यासकट. आल्यागेल्याला ती आधी केक दाखवते, मग त्या खड्ड्यावर बोट ठेवते आणि म्हणते, "आणि हे आमचे मर्व्ह."