बालके व बैल : निकाल

सोलापुरात छापखाने थोडेथोडके नव्हते. पण कोष्टक मांडावं तर ते वेणीमाधवरावांनीच, असं खुद्द वेणीमाधवरावांचं स्पष्ट मत होतं. हे मत ते कुणी विचारायची वाट न पाहता सांगत. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पानावर कुणीही बसलेलं असो, जिलबी येईपर्यंत त्याला खिळे, ओळी आणि रकाने यांची पुरेपूर माहिती झालेली असे!

अशात मुंबईहून त्यांच्या हाती एक विलायती कॅटलॉग आला. त्यातल्या तक्त्यांना उभ्या रेघाच नव्हत्या. वर एक आडवी, खाली एक आडवी, मथळ्याखाली एक बारीक, बाकी सगळं मोकळं रान! वेणीमाधवराव ते पान उशाशी घेऊन झोपले आणि सकाळी उठले ते सुधारक होऊनच.

"इसूफभाई," छापखान्याचा उंबरा ओलांडता ओलांडता त्यांनी जाहीर केलं, "आजपासून उभी रेघ बंद!"

इसूफभाई त्यांचे जुने जुळारी. खिळे जुळवून पान उभं करण्यात हयात गेलेली. पितळी रेघा मापात कापून बसवताना त्यांची बोटं सोलवटून निघत, त्यामुळं ही सुधारणा त्यांना ताबडतोब पटली.

"बहोत बेस, साहेब! मी तर कधीचं म्हणतोय."

"कधी म्हणालात?"

"मनात म्हणत होतो की!"

"अहो, उभी रेघ म्हणजे तुरुंगाचे गज! बिचारे शब्द आत डांबून ठेवायचे? वाचणाराच्या नजरेला वारा लागला पाहिजे, वारा!"

वारा लागायची संधी लगेच चालून आली. गड्ड्याच्या यात्रेत त्या साली शेतकी प्रदर्शन भरलं होतं. एका मांडवात उत्तम बैलांची निवड, शेजारच्या मांडवात सुदृढ बालकांची. निवड सकाळी, बक्षिसं (बैलाला झूल, बाळाला चांदीची वाटी) संध्याकाळी, तीही कलेक्टरसाहेबांच्या मडमेच्या हस्ते. तोवर निकाल छापून लोकांच्या हातात पडायला हवा होता. कमिटीचे चिटणीस एकनाथपंत हेडमास्तर दुपारी घाईघाईनं मजकूर देऊन गेले. "एकाच पानात दोन्ही बसवा," एवढंच बजावलं.

मजकुरावर नजर टाकताच वेणीमाधवरावांची छाती फुगली. बालकांत दुसरा नंबर त्यांच्याच यशोदेचा! आता तर हे पान असं देखणं झालं पाहिजे, की पोरीनं मोठेपणी चौकटीत लावावं. (चौकटीला रेघा असतात, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.)

त्यांनी डावीकडं बालकं घेतली : आई, बाळ, दात, शेरा. उजवीकडं बैल : रंग, शिंगं, शेपूट, शेरा, मालक. पहिला, दुसरा, तिसरा हे नंबर दोन्हींकडं तेच, मग दोनदा कशाला? डाव्या अंगाला एकदाच लावले. रकान्यांमधलं अंतर सगळीकडं सारखं.

"साहेब, बैल कुठून सुरू झाले हे कसं कळायचं?" इसूफभाईंनी विचारलं.

"मथळ्यात आहे ना! 'बालके व बैल : निकाल'. सुज्ञास अधिक सांगावं लागत नाही!"

"खरं हाय. आपल्याला तर साफ कळतंय."

कळणारच! दोघांनीच तर जुळवलं होतं. प्रूफ हातात धरून दोघं बराच वेळ माना डोलवत राहिले.

संध्याकाळी मांडव भरून गेला. डावीकडं बायका, उजवीकडं पुरुष, मध्ये खुर्चीवर मडम. एकनाथपंत कर्णा घेऊन उभे राहिले. पंतांनी आयुष्यभर शाळेचे अहवाल वाचले होते. वाचताना अर्थाकडं लक्ष द्यायची त्यांची सवय केव्हाच मोडली होती.

"पहिला नंबर! पार्वतम्मा! बाळ मल्लय्या! दात चार! प्रकृती उत्तम!"

टाळ्या पडल्या. पार्वतम्मा गुटगुटीत मल्लय्याला काखेत मारून ऐटीत मंचावर चढली. पंत पुढं सरकले.

"रंग कोसा! शिंगं लांब, मागं वळलेली! शेपूट गोंडेदार! शेरा, औताला चांगला! मालक... मायाप्पा!"

मांडवातल्या सगळ्या माना पार्वतम्माकडं वळल्या.

"अय्यो!" पार्वतम्मानं कपाळाला हात लावला. "कोण मायाप्पा?"

पुरुषांतून तिचा नवरा ताडकन उठला. हातमागावर बसून बसून त्याचे दंड चांगले कमावलेले होते. "व्हय, मलाबी ऐकायचंय! कोण हाय हा मायाप्पा?"

"आलो, आलो!" मांडवाच्या टोकाकडून आवाज आला आणि माळशिरसचा मायाप्पा पटका सावरत हजर झाला. हातात कासरा, कासऱ्याला बैल. "म्याच मायाप्पा! आपलाच पयला नंबर!"

मडमेला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. आई आली, मूल आलं, मागून हसतमुख गृहस्थही आला. तिला मोठं कुटुंबवत्सल दृश्य वाटलं! तिनं हाताशी आलेली भरजरी झूल उचलली आणि कौतुकानं मल्लय्याच्या अंगावर पांघरली. मल्लय्या झुलीखाली पार गडप झाला. मग तिनं चांदीची वाटी मायाप्पाच्या हातात दिली. "बैल हीत काय खाणार?" असं पुटपुटत मायाप्पानं ती उलटी करून पाहिली.

खरं तर पंतांनी इथंच थांबायचं. पण कागद अजून शिल्लक होता!

"दुसरा नंबर! प्रेमलाबाई! बाळ यशोदा! दात दोन! हसतमुख! रंग पांढराशुभ्र! शिंगं आखूड! शेपूट झुपकेदार! शेरा, लाथ मारण्याची खोड! मालक चनबसप्पा!"

वेणीमाधवरावांनी हळूच पुढच्या माणसाच्या पटक्याआड डोकं घातलं. प्रेमलाबाईंनी यशोदेला खांद्यावर टाकलं आणि बायकांच्या रांगा तुडवत त्या थेट नवऱ्यापुढं येऊन उभ्या ठाकल्या.

"अहो, आपल्या यशोदेला शेपूट आहे?"

"अगं, ते बैलाचं..."

"म्हणजे मी बैलाची आई?"

"तसं नव्हे! बैल उजवीकडं, तू डावीकडं. मधे रेघ आहे असं समज!"

"कुठं आहे रेघ?"

"नाही, पण समजायची!"

"चारचौघांत मला चनबसप्पाची केलीत, आणि वर रेघ समजू?"

मंचाजवळ तोवर पार्वतम्माच्या नवऱ्यानं मायाप्पाच्या पटक्याला हात घातला होता. "तुज्यायला, कुठली रं तुजी वळख?" "आवं, मी बैलाचा मालक हाय हो! ह्या बाईंस्नी जल्मात बगितलं न्हाय!" मायाप्पा काकुळतीला आला. बैलानं संधी साधून मंचावरचे हार खायला घेतले. तिकडं पंतांनी तिसऱ्या नंबरासाठी कर्णा तोंडाला लावलेला!

आता मात्र वेणीमाधवरावांमधला सुधारक गळून पडला. त्यांनी खिसे चाचपले, पेन्सिल नाही. तेवढ्यात बायकोच्या पिशवीतली यशोदेची काजळाची डबी दिसली. त्यांनी तीत बोट बुडवलं आणि धोतराचा सोगा धरून मंचाकडं धाव घेतली.

"पंत, थांबा!" त्यांनी कागद हिसकावला आणि मधोमध वरपासून खालपर्यंत काजळाची जाडजूड वाकडी रेघ ओढली. मग कर्णा घेऊन ओरडले, "मंडळी, चूक छापखान्याची! डावीकडं आहेत ती माणसं आणि उजवीकडं आहेत ती जनावरं!"

उजवीकडं सगळी पुरुष मंडळी बसली होती!

डाव्या बाजूच्या बायका पदर तोंडात कोंबून अशा हसत सुटल्या, की पार्वतम्मालाही हसू आवरेना. ती हसली तसा तिच्या नवऱ्यानं पटका सोडला. झूल बैलाकडं गेली, वाटी मल्लय्याकडं आली. झूल काढताच मल्लय्यानं असा काही गळा काढला, की खरी नाराजी त्याचीच होती म्हणायची!

जाताना मायाप्पा वेणीमाधवरावांजवळ थांबला. "मनाला लावून घिऊ नगा, सायेब. पोरीची लाथ मारायची खोड हळूहळू जाती."

त्या यात्रेनंतर मात्र वेणीमाधवरावांनी रेघेवरचा राग साफ सोडला. उलट हात सैलच सुटला! उभ्या रेघा, आडव्या रेघा, दुहेरी रेघा. इसूफभाईंची बोटं पुन्हा सोलवटली आणि ते पुन्हा मनात काहीबाही म्हणू लागले. "गोंधळ व्हायला जागाच ठेवायची नाही," वेणीमाधवराव बजावत, "ज्याचं त्याला वेगळं दिसलं पाहिजे!"

पुढं लगीनसराई आली. बार्शीचे एक अडते मुलीच्या लग्नाची पत्रिका छापून न्यायला आले. वेणीमाधवरावांनी स्वतः मांडलेली पत्रिका अभिमानानं त्यांच्यापुढं ठेवली. डावीकडं वर, उजवीकडं वधू आणि मधोमध वरपासून खालपर्यंत पितळी, दुहेरी, ठसठशीत रेघ!

अडत्यांनी चष्मा पुसला. पत्रिका जवळ धरली, लांब धरली.

"वेणीमाधवराव," ते म्हणाले, "आम्हाला लग्न लावायचंय हो. वाटणी नाही करायची!"