पिवळं दार

आमच्या गल्लीत शमुवेलदादांचं दार तेवढं पिवळंधमक. हळद लागलेली नवरी फिकी पडावी! नाताळ जवळ आला की हे सुतारबुवा आधी दाराला रंग द्यायचे, उरला तर मग घराकडे बघायचे.

दाराचा हा रंग सायकल शिकणाऱ्यांसाठी, असं ते सांगत. मी नगरला मुलींच्या शाळेत नवी बाई म्हणून लागले होते. शाळा लांब. म्हणून कासोटा घट्ट करून मीही त्यांच्या शिकवणीला गेले. सायकल त्यांच्या धाकट्या भावाची, लूकसची. तो पलटणीबरोबर मिसर देशात, पार इजिप्तला, लढाईवर गेलेला.

"चाकाकडं बगू नका, बाई. नजर पिवळ्या दारावर! नजर जाती तिकडंच चाक जातं."

एकदा वाटेत म्हैस दिसली. मी बघितलं आणि सरळ तिच्या पोटात शिरले.

"बगितली ना म्हस? मंग?" दादा म्हणाले. मला उचलायचं सोडून म्हशीलाच गोंजारत होते, काय म्हणावं!

पुढं नजर दारावर ठरली. पण थांबायचं कसं?

"ब्रेक कधी शिकवणार, दादा?"

"दार हाय की!"

रोज धाडकन दारावर. आवाज झाला की दादा हातातला रंधा टाकून पळत बाहेर यायचे. चेहरा असा फुललेला! मला बघून क्षणभर उतरायचा. मग म्हणायचे, "शाब्बास! नजर पक्की." माझे गुडघे सोलून निघाले होते, आणि यांचं शाब्बास!

लढाई संपली. गावोगावचे शिपाई परतले. लूकस आला नाही, त्याची खबरही नाही. मी आपली आपणच ब्रेक शिकले आणि एका संध्याकाळी दारापाशी अलगद थांबले. हाक मारली तेव्हा दादा बाहेर आले.

"आज धडक न्हाई?"

"ब्रेक जमला, दादा!"

ते उंबऱ्यावर बसले. "आमचा लूकस ब्रेक कदी शिकलाच न्हाई. दारावर आदळूनच घरी यायचा. म्हनून तर रंग देतो, लांबनं दिसावं त्याला. धाड झालं की वाटतं, आला."

मी सायकल भिंतीला टेकवली. "आणि मी दिसले की?"

"लागतं की जिवाला. पन दारापत्तुर पळत याया तरी मिळतं."

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी गल्लीच्या तोंडाशी वळले. नजर पिवळ्या दारावर ठेवली आणि ब्रेकवरचा हात काढून घेतला.