बाहेर बसणाऱ्यांची अपेक्षित संख्या : एक

"तीन दिवस! चौथ्या दिवशी परवानगी माझ्या हातात आणि पेला तुमच्या!"

जपानमधल्या कोची शहरातल्या एका चिंचोळ्या गल्लीत सहा स्टुलांचा बार चौतीस वर्षे चालवणाऱ्या मिनेकोबाई तोकुहिरो यांनी ही प्रतिज्ञा दारात उभे राहून केली. कारण ज्यांच्यासाठी ती केली, ते चिकामोरी-सान दाराबाहेर होते. निवृत्त ट्रामचालक. हिवाळ्यात पक्षाघाताने त्यांचा उजवा पाय निकामी केला आणि बदल्यात चाकांची खुर्ची दिली. खुर्ची त्रेसष्ट सेंटिमीटर रुंद. सरकते दार पूर्ण सरकवले तरी मिळणारी वाट अठ्ठावन्न. रोज संध्याकाळी ते येत, काचेतून आतल्या आपल्या कोपऱ्यातल्या स्टुलाकडे पाहत, मान लववून परत जात. एकदा बाईंनी पेला बाहेर नेऊन दिला, तेव्हा गस्तीवरच्या पोलिसाने कमरेत वाकून, अतिशय नम्रपणे, तो परत आत न्यायला लावला. रस्त्यावर मद्य देण्यास परवानगी लागते.

"महिनाअखेर ताकामात्सुला जाईन म्हणतो, मुलीकडे," चिकामोरी-सान म्हणाले होते. "नुसती काच बघायला किती दिवस यायचं?"

म्हणून ती प्रतिज्ञा.

तीन दिवसांचे तेवीस झाले. मानवी बुद्धीने ग्रहणांचे वेळापत्रक शोधून काढले आहे. परंतु बाईंना दाराबाहेर टाकायच्या पाटाएवढ्या टेबलाखालचा गल्लीचा तुकडा नेमक्या कोणत्या खात्याचा, हे तिला अद्याप उमगलेले नाही. रस्ते विभागाने बाईंना पोलिसांकडे पाठवले, पोलिसांनी आरोग्य विभागाकडे, आरोग्य विभागाने पुन्हा रस्ते विभागाकडे. प्रत्येक ठिकाणी त्यांना खुर्ची मिळाली, चहा मिळाला आणि एक नवा कागद मिळाला. अपमान कुणीच केला नाही. तेवढी सोय असती तर निदान भांडता तरी आले असते!

अखेर निशिमोरी नावाच्या एका कारकुनाने अर्ज वाचायला घेतला.

"'बाहेर बसणाऱ्या ग्राहकांची अपेक्षित संख्या : एक, चिकामोरी.' बाई, इथं नाव लिहायचं नसतं."

"मग तुम्हाला कळणार कसं, कोण ते?"

"आम्हाला कळायची गरज नसते."

"ते दिसतंच आहे," मिनेकोबाई गोड हसून म्हणाल्या.

निशिमोरींनी नाव खोडले आणि अट सांगितली : शेजाऱ्यांना होणाऱ्या संभाव्य त्रासाची पूर्वसूचना द्यावी, दारावर लेखी निवेदन लावावे, त्यानंतर प्रत्यक्ष पाहणी होईल.

आता त्रास देण्याआधी क्षमा मागावी, आणि रिकाम्या हाताने मागू नये, एवढी रीत बाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी बारचे नाव छापलेले चाळीस टॉवेल घेतले, एकेक पांढऱ्या कागदात गुंडाळला आणि घरोघरी गेल्या. काटकोनात वाकून म्हणाल्या, "चौतीस वर्षं तुम्ही सांभाळून घेतलंत. आता जरा त्रास देणार आहे. माफ करा." काय त्रास, ते सांगायला त्या तोंड उघडत, पण तोवर समोरच्याचे डोळे भरून आलेले असत.

कारण त्या गल्लीत दुकान बंद करणारा माणूसही नेमके हेच करतो. टॉवेल, तोच पांढरा कागद, तेच वाकणे. आणि दुकानाच्या बंद दारावरचा हस्तलिखित कागद म्हणजे तर मृत्युलेखच! बाईंच्या निवेदनाची पहिली ओळ "आजवरच्या स्नेहाबद्दल ऋणी आहे" अशी होती. दुसऱ्या ओळीपर्यंत पोहोचण्याइतके कोरडे डोळे कुणाचेच उरले नाहीत. "बार बंद करताय का?" हे चार शब्द विचारले असते तर सगळे तिथेच मिटले असते. परंतु सरळ प्रश्न विचारणे सभ्य माणसाला शोभत नाही. सभ्यतेने जगात जितके घोटाळे केले आहेत, तितके बिचाऱ्या दारूनेही केले नसतील.

शनिवारी चार वाजता मिनेकोबाई बाजारातून परतल्या, तो गल्लीत ही गर्दी! पेंढ्याच्या जाळावर शेकलेल्या माशांची परातीएवढी ताटे, उलटे ठेवलेले बिअरचे क्रेट, हातोहाती पेले. मधोमध गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष, न्हावी ओकाबायाशी, गळा काढून भाषण करत होते. बाईंच्या डोळ्यांपुढे चिकामोरी-सान आले. ताकामात्सुला जायच्या आधीच...

"ओकाबायाशी-सान, कोण गेलं हो?"

"कोण म्हणजे? तुम्ही!"

"मी कुठं गेले?"

"चाललात ना! टॉवेल वाटलेत!"

"अहो, ते बाहेर टेबल टाकायचं म्हणून!"

कोणीतरी पहिल्यांदाच बाईंचे निवेदन शेवटपर्यंत वाचू लागले. आणि नेमक्या त्याच क्षणी, मोजपट्टी व फाइल घेऊन, पाहणीसाठी निशिमोरी कोपऱ्यावरून वळले.

त्यांनी बोटाने माणसे मोजली. अर्ज पाहिला. पुन्हा मोजली.

"अपेक्षित संख्या एक," ते म्हणाले. "इथं सदतीस आहेत."

"छत्तीस जण चुकून आलेत," ओकाबायाशी घाईने म्हणाले. "तो एक ते तिकडे बसलेत."

भिंतीशी आपल्या खुर्चीत चिकामोरी-सान होते. कुणीतरी दिलेला पेला त्यांनी ओठांना न लावता गुडघ्यावर धरला होता. परवानगी आलेली नव्हती ना!

निशिमोरी दारापाशी गेले. मोजपट्टी लावली आणि त्यांच्या कपाळावर आठी उमटली.

"अर्जात वाट अठ्ठावन्न सेंटिमीटर लिहिलीय. इथं एकशे अठरा भरतेय. बाई, ही खोटी माहिती आहे."

सगळ्यांनी दाराकडे पाहिले. दार नव्हते! दोन्ही सरकत्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या.

"आत मांडलेली ताटं बाहेर निघेनात," ओकाबायाशी ओशाळून म्हणाले, "म्हणून मीच दारं उचलून काढली. खाचेतून वर उचलली की निघतात."

मिनेकोबाईंना हे ठाऊक होते. चौतीस वर्षे, प्रत्येक डिसेंबरच्या साफसफाईत, याच दोन फळ्या त्यांनी स्वतःच्या हातांनी काढून, धुऊन, पुन्हा बसवल्या होत्या. त्या मटकन एका क्रेटवर बसल्या.

ओकाबायाशींनी उंबऱ्यावर फळकुट टाकले. कोपऱ्यातले स्टूल हातोहात बाहेर आले आणि चिकामोरी-सानांची खुर्ची अगदी सावकाश, ट्राम स्थानकात शिरावी तशी, आत गेली. त्यांनी डावा हात पुढे केला आणि बारच्या फळीवरचा, स्वतःच्याच पेल्यांनी पाडलेला, गोल डाग चाचपून पाहिला.

"मुलीला कळवायला हवं," ते म्हणाले. "महिनाअखेर जमणार नाही म्हणून."

मिनेकोबाई पेला पुसत राहिल्या. तो फार वेळ पुसला जात होता.

"मग अर्ज मागे घेते हो, निशिमोरी-सान," शेवटी त्या नाक ओढून म्हणाल्या. "आता बाहेर काही ठेवायचं नाही मला."

निशिमोरींनी मोजपट्टी गुंडाळली, भिंतीला टेकलेल्या दोन फळ्यांकडे पाहिले आणि नम्रपणे खाकरले.

"ही दारं रोज संध्याकाळी रस्त्यावरच राहणार ना?"

त्यांनी फाइल उघडून कोरा अर्ज काढला. मिनेकोबाईंनी कपाटातले उरलेले टॉवेल मोजले. सहा होते. आणखी चौतीस लागणार होते.