सोपानतात्या आणि पायपातली मंडळी

प्लॅस्टिकच्या पायपाशी बोलणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आमच्या कळस गावचे सोपानतात्या. एकुलती एक लेक सुमन सासर सोडून घरी येऊन बसलेली, तिचं आता पुढं काय म्हणून अख्ख्या गावाला घोर, आणि हे पायपाची विचारपूस करत फिरतायत!

आमच्याकडं पाईपलाईन जोडायची म्हणजे उसाचं वाळलेलं पाचट पेटवायचं, पायपाचं तोंड त्यावर धरायचं, मऊ झालं की दुसरा पाईप आत सारायचा आणि वरून बादलीभर पाणी ओतायचं. झाला जॉइंट. पण तात्या हजर असले की पाण्याला बंदी. म्हातारा उकिडवा बसणार, जॉइंटवर दोन बोटं ठेवणार आणि म्हणणार, "थांबा जरा. आतली मंडळी अजून हलत्यात."

अहो, ऊस वाळतोय, लाईट जायची वेळ झालीय, आणि यांची मंडळी हलतायत!

तात्यांनी लोणी देवकरच्या एका पाईप कारखान्यात, टेस्टिंगच्या खोलीत तीस वर्षं काढली. तिथल्या कुणा साहेबानं त्यांना सांगितलं, की प्लॅस्टिकच्या आत लांबलचक साखळ्या असतात आणि साखळ्यांमध्ये थोडी रिकामी जागा असते. फ्री व्हॉल्यूम म्हणतात तिला. साहेब बदली होऊन निघून गेला, भोगतोय आम्ही.

"तापलं की जागा वाढती, साखळ्या हलाय लागत्यात," तात्या सांगणार. "गार झालं की हाय तितंच थिजत्यात. एकदम पाणी ओतलं की बिचाऱ्या अवघडून बसत्यात. मग एखाद्या थंडीत पाईप फाटकन फुटतो, अन् तुमी कंपनीला शिव्या देता."

एकदा आम्ही दोघं वडापच्या जीपनं बारामतीला निघालो होतो. आत मुंगीला शिरायला जागा नव्हती. ड्रायव्हरनं दोन कचकचीत ब्रेक मारले, सगळे आपोआप खाली दबले, आणि वाटेत आणखी दोन बायका आत मावल्या. तात्या हरखून ओरडले, "बघ बाळू, बघ! हेच ते! मंडळी बसली!" बायकांना वाटलं, म्हातारा आपली चेष्टा करतोय. बारामतीपर्यंत त्यांनी तात्यांचा उद्धार केला, आणि शेजारी बसलो म्हणून माझाही.

माझं पाईपचं दुकान आहे. तात्या तिथं येतात आणि भर गिऱ्हाइकासमोर पाईप दाबून म्हणतात, "बाळू, ह्यो म्हातारा झाला रं."

"तात्या, कोरा माल हाय! कुणी हातसुदिक लावला न्हाय!"

"नुसतं पडून ऱ्हायलं तरी आतली जागा आटत जाती. मग कडक हुतो."

गिऱ्हाईक पाईप घ्यायला इंदापूरला गेलं.

असा हा बडबड्या माणूस. पण सुमन बॅग घेऊन परत आली तेव्हा मात्र त्यांनी तिला एका शब्दानं विचारलं नाही. तीही काही सांगेना. दोन महिने असेच गेले. शेवटी पणदऱ्याहून तिच्या सासऱ्यांचा निरोप आला, की रविवारी न्यायला येतोय, आली तर आली, नाहीतर आमचं दार कायमचं बंद. मध्यस्थीला अर्थातच मी होतो. स्थळ मीच आणलं होतं ना!

रविवारी सासरे आले. बसल्या बसल्या म्हणाले, "चला, बॅग भराय सांगा पोरीला."

तात्यांनी हाक मारली. सुमन दारात येऊन उभी राहिली.

"सुमे, तुला जायचं हाय का?"

ती खाली बघत राहिली.

"तिला काय इचारताय?" सासरे गुरकावले.

"थांबा जरा," तात्या म्हणाले.

चहा आला, त्यावर साय धरली. सासऱ्यांनी तीनदा घड्याळ पाहिलं. न राहवून मी म्हणालो, "तात्या, ह्यो काय पाईप हाय व्हय? उरका की!"

तात्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते लेकीकडं बघत बसून राहिले. किती वेळ गेला देव जाणे. मग सुमन मान वर करून म्हणाली, "न्हाय जायचं मला."

"बरं," तात्या म्हणाले.

सासरे तणतणत निघून गेले. मी तात्यांकडं वळलो, तर त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"पायपापाशी अर्धा अर्धा तास बसलो मी," ते म्हणाले. "हिचं स्थळ सोमवारी आलं अन् गुरुवारी सुपारी फोडली. पोरीला इचारलंच न्हाय रं."

सुमन येऊन त्यांच्याजवळ बसली आणि ओढणीनं त्यांचं तोंड पुसायला लागली.

त्या सोमवारपासून गुरुवारपर्यंत रोज त्यांच्या घरी जाऊन "हातचं जाईल, तात्या, उरका" म्हणणारा मीच होतो. तात्यांनी माझं नावसुद्धा काढलं नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.