माडबेट उसनें दिल्याची हकीकत

॥ श्रीसमुद्र समर्थ ॥ शके अठराशें अडुसष्ट, व्ययनाम संवत्सरीं, माडबेटाचे नाईक धाकजी यांस लाभ होणार तो ऐसा : एक जरीची पगडी, डोईवर सावलीस एक अबदागीर, आणि हात टेकावयाची खुर्ची. खुर्चीवर बसोन नातवाचा पाळणा हालवावा हा मनोदय. कां कीं सून गर्भार, आणि पाळणा दारच्या उंडीच्या झाडासच टांगावयाचा हा पिढ्यांचा नेम. मग बड्या सरकारचे वकील त्र्यंबकपंत गलबतांतून उतरले आणि बोलिले कीं, "सरकारांनीं महाअस्त्र सिद्ध केलें आहे. तें एकवार पेटवून पाहिलें म्हणजे पृथ्वीवरील लढाया मिटतील. याकरितां बेट चार महिने उसनें द्यावें." तों धाकजींची गोजाआत्या पुढें सरली. "एवढं गुणाचं अस्त्र, तर तुमच्या राजवाड्याच्या अंगणात का नाही पेटवीत?"

पंत म्हणाले, "आत्याबाई, तेथें माणसें राहतात."

"आणि आम्ही काय, कुर्ल्या?"

सभा हासली, आणि पंतही हासले, आणि धाकजी पगडीकडे पाहात असल्याकारणें त्यांचें हासावयाचें राहिलें. आत्यानें बजाविलें, "उसनं भांडं रिकामं परत धाडीत नाहीत, ही आमची रीत. ध्यानात ठेवा हो!" पंतांनीं समुद्राची आण वाहिली.

मग सर्वांस शेजारील बेटीं नेलें, आणि एके प्रातःकाळीं पश्चिमेस दुसरा सूर्य उगवला, आणि सरकारी मंडळी काळे चष्मे लावोन टाळ्या पिटती जाहली. मग आभाळांतून पांढरी भुकटी पडों लागली. पोरांनीं तोंडास फांसली, सुनेनें कौतुकें ओंजळींत धरिली, आणि आत्या म्हणाली, "पाहा, पंतांनी पीठसुद्धा धाडलं!" मग वांत्या लागल्या, आणि कातडी सोलली, आणि केस मुठीमुठीनें गळाले. सरकारी वैद्य धांवोन आले. त्यांणीं रक्त काढिलें, नखें पाहिलीं, पोरें तोलिलीं, आणि बहुत समाधान पावोन, औषध न देतां, परतले.

चार महिन्यांचीं पांच वर्षें जाहलीं. मग बेट परत मिळालें. पाणी नितळ, परंतु पिऊं नये. नारळ भरले, परंतु फोडूं नयेत. कुर्ली पुष्ट, परंतु शिवूं नये, ऐसा हुकूम. आत्या गळ्यास गांठ येवोन निवर्तली, जातां जातां म्हणाली, "भांडं काठोकाठ भरून दिलं रे पंतांनी."

धाकजी पगडी घालोन पंतांस भेटले, तों ती घसरोन कानांवर आली. पंत कळवळले, "सैल जाहली? दरबारचा शिंपी धाडितों."

"शिंपी नको, पंत. केस धाडा."

एवंच, लढाया मिटल्या नाहींत. सरकारास कीर्ति, पंतांस जहागीर, धाकजींस पगडी पावली. मोल भरिलें तें आत्यानें, आणि त्या नातवानें, जो जन्मला तो रडलाच नाहीं. सरकारांनीं बेट रिकामें परतविलें नाहीं. रिकामा परतला तो पाळणा.